इंग्लंडमधल्या गावच्या पबमध्ये खाणं-पिणं: जाण्याआधीच्या फोनपासून शेवटच्या घंटेपर्यंत

इंग्लंडच्या खेड्यातल्या पबमध्ये पहिल्यांदा गेलेले आपले लोक हमखास एक गोष्ट करतात. रिकामं टेबल बघून बसतात, मेनू चाळतात आणि ऑर्डर घ्यायला कोणी येईल म्हणून वाट बघतात. वीस मिनिटं जातात, कोणी येत नाही, आणि मग ‘इथे आपल्याकडे लक्षच देत नाहीत’ असा समज करून घेऊन उठतात. खरं तर त्यांच्याकडे दुर्लक्ष कोणी केलेलं नसतं. पबमध्ये पेय, जेवण आणि पैसे हे सगळं बहुधा काउंटरवर उभं राहूनच होतं. ही पद्धत आणि स्वयंपाकघराच्या वेळा समजल्या, की बाकीचं सोपं आहे.

निघण्याआधी

पब उघडा असणं आणि जेवण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पब दुपारी बाराला उघडून रात्री अकराच्या सुमारास बंद होत असला, तरी स्वयंपाकघर साधारण १२ ते २ किंवा २.३० आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढंच चालतं. पावणेतीनला पोहोचलात तर बटाट्याचे क्रिस्प्स आणि खारे दाणे यांवर भागवावं लागेल. छोट्या गावांतले कित्येक पब तर दुपारी तीन ते साडेपाच-सहा पूर्ण बंदच असतात. सोमवारी अनेक ठिकाणी एकतर पब बंद, नाहीतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारी रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्हीचं ताट असतं, ते चारच्या आसपास किंवा संपेपर्यंत. रविवारी रात्री जेवण मिळेल असं गृहीत धरू नका. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असू शकतात, त्यामुळे फोन करणं उत्तम.

फोनवर टेबलाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. लहान मुलं चालतात का? रविवारी रोस्टखेरीज दुसरं काही मिळतं का? शाकाहारी मुख्य पदार्थ कोणता आहे? नावाजलेल्या पबचं रविवारचं टेबल आठवडाभर आधी सांगितलेलं बरं. पण आमचं स्पष्ट मत असं, की पहिल्या भेटीसाठी रविवार निवडूच नये. गर्दी असते, स्वयंपाकघर घाईत असतं, टेबल दीड-दोन तासांत सोडावं लागतं. बुधवार-गुरुवारची संध्याकाळ घ्या. काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला सवड असते.

जाण्या-येण्याचा विचार आधीच करा. खेड्यातली शेवटची बस अनेकदा संध्याकाळीच निघून जाते आणि रविवारी कुठे कुठे बस नसतेच. परतीची टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. ऐन वेळी ती मिळत नाही, आणि दरीतल्या गावात मोबाइलला रेंजही नसते. गाडी नेणार असाल तर चालवणाऱ्याने अजिबात पिऊ नये. इंग्लंडमधली कायदेशीर मर्यादा भारतातल्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलपेक्षा सैल आहे, पण त्या भरवशावर हिशेब करत बसू नका. एका पाइंटचा परिणाम कोणावर किती होईल ते सांगता येत नाही.

कोणता पब निवडायचा? पाटीवर ‘फ्री हाउस’ लिहिलं असेल तर तो कोणा एका ब्रुअरीशी (बीअर बनवणाऱ्या कारखान्याशी) बांधलेला नाही, मालक हवी ती बीअर ठेवू शकतो. बांधलेल्या पबमध्ये त्या ब्रुअरीचीच बीअर जास्त मिळते, पण त्यात कमीपणा काही नाही. सफोकच्या किनाऱ्यावर ॲडनम्स, ऑक्सफर्डशरमध्ये हुक नॉर्टन, ससेक्समध्ये हार्वेज हे तिथे पिण्यातच मजा आहे. दाराजवळ ‘कास्क मार्क’चा फलक दिसला तर तिथल्या बीअरचा दर्जा बाहेरच्या माणसांनी येऊन तपासलेला असतो. १९७१ साली स्थापन झालेली ‘कॅमरा’ ही ग्राहकांची संघटना दरवर्षी ‘गुड बीअर गाइड’ काढते. खेड्यांतल्या पबसाठी त्याच्याइतकं कामाचं पुस्तक दुसरं नाही. मात्र चांगल्या पबमध्ये मोठा मेनू असतोच असं नाही. बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावचं ‘द बेल इन’ देशभर नावाजलेलं आहे, आणि तिथे खायला मिळतात ते भरलेले गरम पाव आणि सूप.

दारातून आत

आत गेल्यावर आधी खोल्या बघा. एकीकडे फरशी, शेकोटी, कुत्रे आणि उभे राहून गप्पा मारणारे गावकरी असतात. दुसरीकडे काटे-चमचे मांडलेली टेबलं असतात. मांडलेलं टेबल जेवणाऱ्यांसाठी असतं, नुसतं प्यायचं असेल तर तिथे बसू नका. टेबलावर ‘रिझर्व्ह्ड’चं कार्ड असेल तर त्यावरची वेळ वाचा. सातचं बुकिंग असेल आणि तुम्ही पाचला आला असाल, तर विचारून तासभर बसता येतं. दाराशीच ‘इथे थांबा, आम्ही बसवतो’ अशा अर्थाची पाटी असेल तर तो टेबलावर सेवा देणारा पब आहे, तिथे थांबा. अशी पाटी नसेल तर सरळ काउंटरवर जा. शेतातून चालत आला असाल तर चिखलाचे बूट दारात काढा किंवा कुठे ठेवायचे ते विचारा. नुसत्या मोज्यांवर बसलेल्या माणसाकडे तिथे कोणी वळून बघत नाही.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण ती असते. तुमच्या आधी कोण उभं होतं हे प्रत्येकाने लक्षात ठेवायचं असतं, आणि बारवरचा माणूसही ते ठेवतो. हाक मारणं, चुटकी वाजवणं, नोट हलवून दाखवणं हे सगळं उद्धटपणात जमा होतं. नजर त्याच्याकडे ठेवा, कार्ड हातात दिसू द्या, एवढं पुरे. ‘पुढचं कोण?’ असं त्याने विचारलं आणि तुमचा नंबर नसेल, तर शेजाऱ्याकडे बोट दाखवा. अनोळखी गावात मान मिळवायचा याहून स्वस्त उपाय नाही. कोविडनंतर काही पबमध्ये एकामागे एक अशी सरळ रांग लागू लागली आहे. जुन्या लोकांना ती आवडत नाही, पण लागलेली दिसली तर तिच्यात उभे राहा.

सगळ्यांची पेयं एकदम सांगा. एक सांगून ते आल्यावर दुसरं आठवणं, हे मागे उभ्या असलेल्यांना जाचक होतं. कोणाला गिनेस हवी असेल तर ती सगळ्यात आधी सांगा, कारण ती दोन टप्प्यांत भरतात आणि मध्ये फेस बसायला दोनेक मिनिटं लागतात. पैसे तिथल्या तिथे द्यायचे. जेवायला बसणार असाल तर ‘टॅब’, म्हणजे शेवटी एकदम चुकवायचं खातं, उघडता येतो. त्यासाठी कधी कधी कार्ड काउंटरमागे ठेवून घेतात.

जेवण सांगण्याआधी टेबलाचा नंबर बघून या. तो टेबलावर चकतीवर किंवा लाकडात कोरलेला असतो, आणि तो माहीत नसेल तर तुम्हाला परत पाठवतात. सुरुवातीचे आणि मुख्य पदार्थ एकदमच सांगायचे, गोड नंतर. ताट टेबलावर आणून देतात. काटे-चमचे, मोहरी, व्हिनेगर मात्र अनेक ठिकाणी कोपऱ्यातल्या कपाटावरून आपणच आणायचे असतात.

पेयांवर टिप देण्याची पद्धत नाही. काउंटरवर सुटे पैसे ठेवून आलात तर विसरले म्हणून हाक मारून परत देतील. सेवा फारच आवडली तर पैसे देताना ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’ म्हणायचं, म्हणजे तो एका छोट्या पेयाची किंमत तुमच्या बिलात जोडतो. टेबलावर वाढलेल्या जेवणाला दहा टक्के ठीक, पण आधी बिलात सेवाशुल्क लावलेलं नाही ना ते बघा.

चौघं मिळून गेला असाल तर ‘राउंड’ चालतो. एकाने चौघांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. इथे आपला माणूस दोन ठिकाणी अडकतो. एक म्हणजे, दारू न पिणाराही राउंडमध्ये असतो आणि त्याचीही पाळी येते. दुसरं, लोक सहा असतील तर सहा पाइंट होतात, आणि ते बहुतेकांना झेपत नाहीत. सुरुवातीलाच ‘मी माझं माझं घेतो’ म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. तीन राउंड पिऊन आपली पाळी आल्यावर घरी निघणाऱ्याची आठवण मात्र वर्षानुवर्षं काढली जाते.

ग्लासात काय घ्यावं

महाराष्ट्रात ‘पाइंट’ म्हणजे ३३० मिलिलिटरची बाटली. इंग्लंडमधला पाइंट ५६८ मिलिलिटरचा. हा फरक लक्षात न घेता ‘दोन पाइंट तर आहेत’ म्हणणाऱ्याच्या पोटात सव्वा लिटरला थोडीच कमी बीअर जाते. चार टक्के अल्कोहोलच्या एका पाइंटमध्ये तिथल्या हिशेबाने २.३ युनिट होतात, आणि आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आत राहण्याचा आहे. म्हणून हाफ मागा. २८४ मिलिलिटरचा हाफ मागण्यात कमीपणा नाही, उलट तीन वेगळ्या बीअर चाखता येतात. व्हिस्की, जिन, रम, व्होडका यांचं माप २५ किंवा ३५ मिलिलिटर. आपल्या ६० च्या पेगची सवय असेल तर डबल मागावा लागेल. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिलिलिटरमध्ये मिळते. नुसतं ‘एक ग्लास’ म्हटलं की बहुधा १७५ ची येते.

गावच्या पबला जायचं खरं कारण म्हणजे कास्क एल. ही बीअर ब्रुअरीतून तयार होऊन येत नाही. तळघरातल्या पिंपात ती दुसऱ्यांदा आंबते आणि तिथेच पिकते. वरून गॅस दाबून ती वर आणत नाहीत. काउंटरवरचा लांब दांडा हापशासारखा ओढून ती ग्लासात खेचतात. म्हणून तिच्यात बुडबुडे कमी आणि तापमान ११ ते १३ अंश. ‘गरम बीअर’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी तीच बीअर चार अंशांवर पिऊन बघावी, माल्टची (मोड आणून भाजलेल्या धान्याची) नि हॉप्सची (कडवटपणा देणाऱ्या फुलांची) अर्धी चव गेलेली असते. फार उकडत असेल आणि थंडगार काही हवं असेल तर लागर मागा, ती शेजारच्या नळातून येते.

नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. एकदा उघडलं की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत बीअर उतरू लागते. यावरून निवडीचा एक पक्का नियम निघतो. सत्तर घरांच्या गावातल्या पबमध्ये आठ दांडे दिसले तर सावध व्हा, एवढी बीअर तिथे खपणार कशी? दोनच दांडे आणि काउंटरपाशी गर्दी असेल, तर बिनधास्त मागा. दांड्यावरची चकती उलटी फिरवलेली असेल तर ती बीअर संपली आहे किंवा अजून तयार नाही. दुपारी पब उघडताच पहिला ग्लास तुमच्या वाट्याला येत असेल, तर नळीत रात्रभर राहिलेली बीअर आधी काढून टाकली का, असं हसत विचारायला हरकत नाही. चांगला पबवाला ती काढतोच.

नवख्याने बिटरपासून सुरुवात करावी. साडेतीन ते सव्वाचार टक्क्यांची, तांबूस, किंचित कडवट. माइल्ड गडद रंगाची पण हलकी असते, बहुतेकदा साडेतीनच्या आसपास. गोल्डन एल फळांच्या वासाची असते आणि लागरची सवय असलेल्यांना लगेच आवडते. आयपीएचा, म्हणजे ‘इंडिया पेल एल’चा, मुंबईशी जुना संबंध आहे. लंडनच्या हॉजसन ब्रुअरीची फिकी एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या बंदरांत उतरायची. गंमत अशी, की इंग्लिश पबमधली पारंपरिक आयपीए आज चार टक्क्यांच्या आतलीही असते, आणि त्याच नावाची नव्या ब्रुअरीची सहा-सातची. दांड्यावरचा आकडा वाचूनच मागा. ठरत नसेल तर चवीपुरती द्यायला सांगा. कास्कच्या बाबतीत घोटभर बीअर फुकट चाखायला देतात.

उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, नळाच्या तोंडाला बारीक छिद्रांची तोटी लावतात. त्यामुळे फेस जाड आणि मलईदार येतो. दक्षिणेत फेस पातळ. दोन्ही बरोबर, यावर वाद घालणाऱ्यांना आयुष्य अपुरं पडतं. पण फेस फारच असेल तर ‘थोडी भरून द्याल का’ असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. फेस बसल्यावर निदान ९५ टक्के द्रव असावा, असा पब व्यवसायाचाच संकेत आहे.

बीअर बिघडलेली कशी ओळखायची? व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पिंप उघडून फार दिवस झाले. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर हवा लागली. लोण्यासारखी बुळबुळीत गोडसर लागली तर ती पुरती पिकायच्या आत काढली असावी. अजिबात जीव नसलेली, सपाट बीअर म्हणजे पिंपातला वायू निघून गेला. गढूळ दिसली तर पिंप तळाला आलं असेल आणि गाळ वर येत असेल. मात्र काही ब्रुअर मुद्दाम गढूळ ठेवतात, म्हणून आधी विचारा. परत करायची ती दोन घोटांनंतर. तीन चतुर्थांश संपवून तक्रार केलीत तर कोण ऐकणार? आवाज न चढवता ‘ही जरा गेल्यासारखी वाटते’ म्हणा. चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून देतात, आणि दुसरी दुसऱ्या पिंपातून मागा.

शाकाहारी असाल तर हे माहीत हवं: कास्क एल नितळ करण्यासाठी अनेक ब्रुअर आयसिंग्लास वापरतात. तो माशाच्या वायुपिशवीपासून बनतो. तो गाळाबरोबर खाली बसतो, पण ज्यांना चालत नाही त्यांनी ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ बीअर कोणती, असं विचारावं.

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे. इंग्लंडमध्ये ती दारूच असते, बहुधा चार-साडेचार टक्क्यांपासून पुढे. सॉमरसेटकडची गावठी ‘स्क्रम्पी’ सहा-सातच्याही वर जाते. मुलांसाठी किंवा न पिणाऱ्या आई-वडिलांसाठी चुकून सायडर मागवली, असं घडतं. त्यांना ॲपल ज्यूस, लाइम अँड सोडा किंवा एल्डरफ्लॉवरचं सरबत सांगा. ‘लेमनेड’ मागितलं तर आपलं लिंबू सरबत येत नाही, पांढरं फसफसतं गोड पेय येतं. तेच अर्ध्या बीअरमध्ये घातलं की शँडी. जिंजर बीअर बहुतेक वेळा बिनदारूची असते, पण दारूवालीही मिळते, तेव्हा विचारून घ्या. चहा-कॉफी बहुतेक पबमध्ये असते. नळाचं पाणी मागितल्यावर फुकट देणं पबवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे जग भरून पाणी मागायला लाजू नका.

दारू विकत घ्यायला वय १८ पूर्ण हवं. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. विद्यार्थ्यांनी पासपोर्ट किंवा ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवावं. १६-१७ वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसासोबत जेवताना बीअर, वाइन किंवा सायडर चालते, पण ती विकत मोठ्यानेच घ्यायची.

ताटात काय येतं

छापील मेनूआधी फळा वाचा. त्या दिवशीचं ताजं तिथे खडूने लिहिलेलं असतं.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी काही नावं फसवी आहेत. कॉटेज पायमध्ये गोमांसाचा खिमा असतो, शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचा. स्टेक अँड एल पाय, साधा ‘बर्गर’ आणि ‘मिन्स’ हे गोमांसाचेच समजा. गॅमन म्हणजे डुकराच्या मांसाचा जाड काप, बँगर्स म्हणजे बहुधा डुकराचे सॉसेज. स्कॅम्पी ही कोळंबीसारखीच, पिठात घोळून तळलेली. फिश अँड चिप्समधला मासा बहुतेकदा कॉड किंवा हॅडॉक, त्याबरोबर वाटाण्याचा लगदा आणि टार्टर सॉस.

खरी मेख चरबीत आहे. उत्तरेत चिप्स गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. रोस्टचे बटाटे त्याच किंवा बदकाच्या चरबीत भाजतात, यॉर्कशर पुडिंगमध्ये (रोस्टबरोबर येणारा फुगलेला पदार्थ, गोड नव्हे) अंडं असतंच आणि साचाही अनेकदा चरबीने माखतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची. म्हणजे ‘फक्त बटाटे आणि भाज्या द्या’ म्हणूनही ताट शाकाहारी होत नाही. विचारायचे प्रश्न तीन: चिप्स आणि बटाटे कशात केलेत? ग्रेव्ही वेगळी शाकाहारी आहे का? तळणीत मासाही तळता का? चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं पबला कायद्याने सक्तीचं आहे, त्यात अंडं, दूध, मासे, मोहरी येतात. मांस किंवा चरबी त्या यादीत नाही. ‘ॲलर्जीचा तक्ता दाखवा’ म्हणून भागत नाही, प्रश्न वेगळा विचारावा लागतो. चीज टोस्टवर टाकलेल्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो आणि जुन्या पद्धतीच्या सुएट पुडिंगमध्ये गुरांची चरबी, हेही लक्षात असू द्या.

शाकाहाऱ्यांना दुपारी ‘प्लाउमन्स लंच’ सोयीचं पडतं. चेडर किंवा स्टिल्टन चीजचा जाड तुकडा, पाव, लोणी, आंबटगोड पिकल, मुरवलेला कांदा, सफरचंद. हॅम नको, हे आधी सांगा. नाव शेतकऱ्याचं असलं तरी ते गावोगावच्या पबमध्ये पोचलं ते विसाव्या शतकाच्या मध्यात, चीज खपवण्याच्या जाहिरातींमुळे.

रोस्ट खाणाऱ्यांनी मांसानुसार जोड निवडावी. गोमांसाबरोबर हॉर्सरॅडिश (एका झणझणीत मुळाचा सॉस), मेंढीबरोबर पुदिन्याचा सॉस, डुकराबरोबर सफरचंदाचा. हॉर्सरॅडिश आणि इंग्लिश मोहरी दोन्ही नाकात जातात, सुरुवातीला वाटाण्याएवढीच घ्या. बटाटा बाहेरून कुरकुरीत नसेल आणि यॉर्कशर पुडिंग चामड्यासारखं असेल, तर ते सकाळी करून ठेवून गरम केलेलं आहे. पाय मागताना ‘पूर्ण कणकेचा आहे, की वाडग्यावर नुसतं झाकण?’ असं विचारा. वाडग्यातल्या रश्श्यावर फुगलेल्या पापुद्र्याचं झाकण ठेवून त्याला पाय म्हणणं पबच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना अजिबात मान्य नाही, आम्हालाही नाही.

गोडात स्टिकी टॉफी पुडिंग घ्या, चौघांत दोन. क्रम्बल (वर पिठाचा कुरकुरीत चुरा असलेली भाजलेली फळं) घेतलं तर त्यावर कस्टर्डच हवं, आइस्क्रीम नको.

बंद होताना

बंद होण्याआधी घंटा वाजते आणि ‘लास्ट ऑर्डर्स’ अशी आरोळी येते. काही घ्यायचं असेल तर तेव्हाच. दुसऱ्या घंटेनंतर विक्री बंद. ग्लास संपवायला पूर्वी कायद्याने ठरलेली वीस मिनिटं असत, आता वेळ पबवाल्याच्या मर्जीवर आहे, पण प्रघात साधारण तोच. मधेच बाहेर सिगारेट ओढायला जायचं असेल (आत १ जुलै २००७ पासून बंदी आहे), तर ग्लासावर बीअरमॅट (ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा) ठेवून जा, म्हणजे कोणी तो उचलणार नाही. निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवा आणि टॅब उघडला असेल तर कार्ड परत घ्या. पबपासून दहा मैलांवरच्या घरी पोहोचल्यावर ते आठवलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराशिवाय फोन उचलायलाही तिथे कोणी नसतं.